डावा गाल

भिलाईला पॉवर हाउसच्या बाजूला, जीई रोडपासून थोडं आत, एक उस्ताद गाड्या रंगवायचा. पत्र्याची शेड, एक कंप्रेसर, रंग फवारायच्या दोन गन आणि हाताखाली एक पोरगा, एवढंच त्याचं गॅरेज. उस्ताद मूळचा भंडाऱ्याकडचा. पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा त्याचे वडील मजुरीला आले आणि इथलेच झाले. भिलाईत अशी घरं पुष्कळ. 1955 साली कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि दुर्ग जिल्ह्यातल्या या माळावर देशभरातली माणसं येऊन राहिली. कुणी लोखंड वितळवलं, कुणी चहाची टपरी टाकली. उस्तादाने गन धरली.

एका ऑगस्टच्या शेवटी त्याच्याकडे एक म्हातारे स्कूटर ढकलत आले. जुनी बजाज चेतक. रंग उडालेला, फूटबोर्ड गंजलेला. म्हातारे रूळ बनवणाऱ्या मिलमधून निवृत्त झालेले. सेक्टर सहामध्ये सगळे त्यांना काकाजी म्हणत.

"17 सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा," काकाजी म्हणाले. "नोकरीत होतो तेव्हा दर पूजेला हिला धुऊन, हार घालून मिलमध्ये न्यायचो. आता मिल नाही, पण पूजा तर आहे ना. आरशासारखी करून द्या."

"आरसा करायला वेळ लागते, काकाजी," उस्ताद म्हणाला.

"वेळच आहे आता माझ्याकडे."

रंग ठरला गर्द निळा. उस्तादाने एकदा पोराकडे पाहिलं. गर्द रंग खोटं बोलत नाही. पांढऱ्या गाडीवर खपून जातं ते निळ्या-काळ्यावर उघडं पडतं.

पोरगा दोन वर्षांपासून हाताखाली होता. पुट्टीला इथं लांबी म्हणतात. ती भरायची, पेपर मारायचा, मास्किंग करायचं, कंप्रेसरमधलं पाणी काढायचं, हे सगळं त्याला येत होतं. गन मात्र उस्ताद त्याच्या हातात कधीतरीच द्यायचा, तीही प्रायमरपुरती. पोराला त्याचा राग यायचा. पेपर कुणीही मारेल, असं त्याला वाटायचं. खरा रंगारी तो, जो शेवटचा हात मारतो.

स्कूटर उघडली. जुन्या चेतकला दोन्ही बाजूंना फुगीर झाकणं असतात, एक इंजिनावरचं आणि एक त्याच्या समोरच्या बाजूचं. उस्ताद त्यांना गाल म्हणायचा. जुना रंग काढला, पोचे ठोकून काढले, लांबी भरली, घासली, वर राखाडी प्रायमर मारला.

मग उस्ताद म्हणाला, "उजवा गाल माझा. डावा तुझा. प्रायमर घासण्यापासून क्लिअरपर्यंत सगळा तुझा."

पोराचा विश्वास बसेना. "क्लिअर पण मी?"

"क्लिअर पण तू."

क्लिअर म्हणजे शेवटचा पारदर्शक थर. खालचा बेस कोट फक्त रंग देतो, तो वाळल्यावर खडूसारखा मंद दिसतो. चमक येते ती क्लिअरने. म्हणून शिकाऊ पोरांना क्लिअर म्हणजे जादू वाटते.

दुसऱ्या दिवशी प्रायमर घासायला सुरुवात झाली. उस्तादाची एक रीत होती. प्रायमरवर तो काळी बारीक पूड कपड्याने चोळायचा. पूड खड्ड्यांत आणि ओरखड्यांत बसते. मग 320 नंबरच्या पेपरने घासायचं. काळं गेलं की पुन्हा पूड चोळायची आणि 400 ने घासायचं. मग 600. शेवटी पाणी टाकून 800. प्रत्येक पेपर आधीच्या पेपरचे ओरखडे खातो आणि स्वतःचे, त्याहून बारीक, ठेवतो. काळं दिसतंय तोवर पुढचा पेपर उचलायचा नाही. काम कंटाळवाणं. हाताखाली काही चमकत नाही, दिवसभर राखाडीच दिसतं. कुणी बघायलाही येत नाही.

उस्ताद उजव्या गालापाशी बसला. पोरगा डाव्या.

ते दिवस गणपतीचे होते. भिलाईत गणपती मोठे बसतात, सेक्टरासेक्टरांत मंडळं. संध्याकाळी पोराचे मित्र सायकली घेऊन शेडच्या दारात उभे राहिले. खुर्सीपारच्या मंडळात त्या दिवशी झांकी होती.

डाव्या गालावर 320 चा हात झाला होता. पोराने पूड चोळली. काळ्या रेषा उठल्या, केसासारख्या, शेकड्याने. अजून तीन पेपर बाकी होते. उस्ताद माल आणायला सुपेल्याला गेला होता.

पोराने थिनरमध्ये फडकं भिजवलं आणि गालावरून फिरवलं. काळं निघून गेलं. गाल स्वच्छ राखाडी दिसायला लागला. पोराने हात धुतले आणि सायकलवर मागे बसला.

ओरखडे तिथंच होते. फक्त त्यांच्यातली पूड गेली होती.

उस्ताद परत आला तेव्हा अंधार पडला होता. त्याने दोन्ही गाल टांगलेले पाहिले. त्याला तेव्हाच कळलं होतं का, हे मी सांगू शकत नाही. जुन्या रंगाऱ्यांची बोटं डोळ्यांच्या आधी बघतात, एवढं मला माहीत आहे. तो काही बोलला नाही.

12 तारखेला रंग मारायचा ठरला. पहाटे पाऊस झाला आणि थांबला. उस्ताद उजाडताच आला. आधी कंप्रेसरच्या टाकीचा खालचा नळ उघडला, भसकन पाणी बाहेर आलं. हे पाणी हवेबरोबर गनमध्ये गेलं की रंगात फोड उठतात. मग त्याने शेडच्या जमिनीवर पाणी शिंपडलं. कारखान्याच्या गावात धूळ साधी नसते. काळपट-तांबूस असते, त्यात लोखंडाचा अंश असतो, आणि ओल्या रंगावर बसली की निघत नाही. जमीन ओली असली की निदान पायाखालची धूळ उठत नाही. ओल्या जमिनीने शेडमध्ये दमटपणा वाढतो, हे खरं. पण धुळीपेक्षा तो परवडला.

त्याने दोन मास्क काढले, दोन्ही बाजूंना डबीसारखे फिल्टर असलेले. पोराला मास्क आवडायचा नाही, गरम व्हायचं.

"घाल," उस्ताद म्हणाला. "क्लिअरमधलं हार्डनर छातीत जाते. माझ्या आधीच्या उस्तादानं नाही घातला कधी. शेवटी जिना चढता येत नव्हता त्याला."

दोघांनी निळा बेस मारला. तो वाळला. चिकट फडक्याने दोघांनी आपापला गाल हलक्या हाताने पुसला. उस्तादाने क्लिअर मोजलं, दोन माप क्लिअर, एक माप हार्डनर. हवा गरम होती म्हणून थिनर सावकाश उडणारं घेतलं. झपाट्याने उडणारं थिनर घेतलं तर क्लिअर पसरायच्या आतच वाळतं आणि वर संत्र्याच्या सालीसारखे दाणे राहतात. नागपूर-भंडाऱ्याच्या माणसाला ती साल समजावून सांगावी लागत नाही.

आधी उस्तादाने उजवा गाल घेतला. गन पृष्ठभागापासून एक वीत दूर. हात सरळ, गालाच्या फुगीरपणाबरोबर वळणारा. मनगट फिरवलं की मध्ये जाड आणि कडांना पातळ बसतं, म्हणून तो मनगट नाही, सगळा हात हलवायचा. गन गालाच्या बाहेर सुरू व्हायची, गालावरून जायची आणि बाहेर जाऊन थांबायची. पुढचा पट्टा आधीच्या अर्ध्यावर. पहिला हात अगदी हलका होता. गाल नुसता ओलसर दिसला, चमकला नाही.

मग उस्ताद थांबला. मास्किंग पेपरवर क्लिअरचे थेंब उडाले होते. पंधरा मिनिटांनी त्याने एका थेंबाला बोट लावून उचललं. बोटाबरोबर बारीक तार ओढली गेली. तो पुन्हा बसला. थोड्या वेळाने परत बोट लावलं. ठसा उठला, तार आली नाही. तेव्हा त्याने दुसरा हात मारला, जरा भरीव. गाल पाण्यासारखा झाला. त्यावर तो थांबला. तिसरा मारला नाही.

आता पोराची पाळी. निळ्या बेसवर उजेड तिरपा पडला की त्याला काही रेषा दिसत होत्या. त्याने मनाशी म्हटलं, क्लिअर जाड बसलं की या बुडतील. त्याने पहिला हातच भरीव मारला. थेंबाला बोट लावलं, तार आली. तरीही त्याने दुसरा हात मारला. मग तिसरा. एक ओघळ खाली येऊ पाहत होता, तो त्याने गालाच्या खालच्या काठाकडे वळवला, जिथं तो दिसत नाही. हात चांगला होता पोराचा, हे कबूल करायला हवं.

संध्याकाळी काकाजी आले. शेडमध्ये ट्यूबलाइट लागली होती. दोन्ही गाल दोरीला टांगलेले. काकाजी उजव्याकडे बघून खूश झाले. मग डाव्याकडे वळले आणि थबकलेच. डावा गाल खोल विहिरीसारखा दिसत होता. ट्यूबलाइट त्यात पडली होती, पांढरी, सरळ, जणू आत दुसरी ट्यूब लावली आहे.

"हा कुणी केला?"

"मी," पोरगा म्हणाला.

"उस्तादपेक्षा सरस केला गा!"

पोराने उस्तादाकडे पाहिलं. उस्ताद हसला. त्याने खडू घेऊन भिंतीवर दोन्ही गालांच्या मध्ये तारीख लिहिली. 12.

"16 ला सकाळी या," तो काकाजींना म्हणाला.

"आज तर झालंच आहे की."

"16 ला या."

ते चार दिवस पोरगा हवेत होता. चहाच्या टपरीवर त्याने सांगितलं, काकाजी काय म्हणाले ते. टपरीवाल्याने दुसऱ्याला सांगितलं. गॅरेजच्या लाइनीत ही गोष्ट फिरली की पोरगा उस्तादाच्या पुढे गेला. उस्ताद रोज सकाळी दोन्ही गाल उन्हात बाहेर टांगायचा आणि संध्याकाळी आत घ्यायचा. पोरगा त्या वेळी दुसऱ्या कामात असायचा. त्याने आपला गाल पुन्हा नीट पाहिलाच नाही. पाहायची गरज काय, असं त्याला वाटत होतं.

रंग वाळतो म्हणजे नुसता कोरडा होत नाही. त्यातलं थिनर उडून जातं आणि थर आक्रसतो. जाड थरात, घाईने एकावर एक मारलेल्या हातांत, थिनर अडकून बसतं आणि दिवसेंदिवस हळूहळू बाहेर येत राहतं. तसतसा वरचा थर खालच्या पृष्ठभागावर बसत जातो, ओला कपडा अंगावर वाळावा तसा. खाली जे असेल ते वर उमटतं.

16 ला काकाजी आले. स्वच्छ ऊन पडलं होतं. उस्तादाने दोन्ही गाल बाहेर आणले आणि गॅरेजच्या पाटीसमोर उभे केले.

उजव्या गालात पाटीची अक्षरं उलटी दिसत होती. एकेक अक्षर वाचता येत होतं, खाली लिहिलेला फोन नंबरसुद्धा.

डाव्या गालात पाटी दिसत होती. अक्षरं दिसत नव्हती. आरशावर कुणी श्वास सोडावा तसा तो मंदावला होता, आणि त्या मंदपणाच्या आत आडव्या, वाकड्या, केसासारख्या रेषा होत्या. शेकड्याने. तीनशे वीसच्या.

पोराने आधी धूळ असेल म्हणून फडकं मारलं. मग 2000 चा पेपर पाण्यात भिजवून वरून फिरवला आणि रबिंग कंपाऊंडने घासलं. चमक थोडी परत आली. रेषा आणखी स्पष्ट झाल्या. त्या क्लिअरच्या वर नव्हत्याच. काचेखालच्या केसाला वरून पुसून काय होणार?

"त्या दिवशी असं नव्हतं," पोरगा म्हणाला. "तुम्हीच पाहिलं ना, काकाजी. त्या दिवशी चांगला होता."

काकाजी पायरीवर बसले. रागावले नाहीत.

"मिलमधून रूळ निघतो ना, लाल गरम, तेव्हा बघावा," ते म्हणाले. "एकदम सरळ. नवीन माणूस म्हणते, झालं काम. पण रुळाचं डोकं जाड असते, पाया पातळ. दोन्ही एका वेळी थंड होत नाहीत. पाया आधी आक्रसते, डोकं मागाहून. थंड होता होता सरळ रुळाला बाक येते. मग यंत्रातून तो पुन्हा सरळ करावा लागते. त्याच्यानंतर तपासणी. लाल रुळावर कुणी शिक्का मारत नव्हतं आमच्याकडे. इतकी वर्षं केलं हे, आणि त्या संध्याकाळी तुझा गाल बघून मीच शिक्का मारून बसलो."

पोरगा गप्प राहिला. मग उस्तादाकडे वळून म्हणाला, "मी पूड फडक्यानं पुसली होती."

"माहीत आहे," उस्ताद म्हणाला. "फडक्याला काळं होतं."

"मग तेव्हाच का नाही बोलले?"

"तेव्हा बोललो असतो तर तू मला चुकवायला शिकला असता."

पूजा दुसऱ्या दिवशी होती. पोरगा म्हणाला, रात्रभर बसून करतो. उस्ताद म्हणाला, रात्रीत पेपर होईल, रंग होईल, पण वाळणार कधी? पुन्हा ओलाच द्यायचा का? काकाजी उठले. म्हणाले, डावा गाल राहू दे इथंच. स्कूटर अशीच नेतो.

17 ला भिलाईत कुठल्याही गॅरेजात काम होत नाही. हत्यारं धुतात, कुंकू लावतात, यंत्रांना हार घालतात. उस्तादाच्या शेडमध्ये कंप्रेसरला झेंडूचा हार होता आणि दोन्ही गन पाटावर ठेवल्या होत्या. काकाजी स्कूटर घेऊन आले. उजवीकडून गाडी आरशासारखी होती. डावीकडे गाल नव्हता. आतल्या तारा, पत्रा, सगळं उघडं. लाइनीतले लोक हसले.

"काकाजी, हिचा एक गाल कुठं गेला?"

"कामावर गेला आहे," काकाजी म्हणाले. "अजून सुटी नाही झाली त्याची."

पोराने प्रसादाची पत्रावळ खाली ठेवली आणि आत गेला. हत्याराला हात लावायचा दिवस नव्हता, म्हणून तो नुसता डाव्या गालासमोर उभा राहिला. उन्हाची तिरीप गालावर होती. त्याने सगळ्या रेषा पाहिल्या.

18 ला सकाळी त्याने गाल मांडीवर घेतला आणि क्लिअर, बेस, सगळं घासून प्रायमरपर्यंत नेलं. त्यात एक दिवस गेला. मग पूड. 400. पूड. 600. पूड. पाणी आणि 800. मित्र आले, सायकलींच्या घंट्या वाजवून गेले. शेवटी त्याने डोळे मिटून गालावरून बोटं फिरवली आणि मग डोळे उघडून पूड पाहिली. काळं कुठंच नव्हतं. उस्तादाने बघायला मागितलं नाही. पोरानेही दाखवलं नाही.

बेस मारला. क्लिअरचा पहिला हात हलका मारला. मास्किंग पेपरवरच्या थेंबाला बोट लावलं. तार आली. तो बसला. पुन्हा लावलं. तार आली नाही. दुसरा हात मारला आणि गन खाली ठेवली.

संध्याकाळी टपरीवाला चहा घेऊन आला. डावा गाल ट्यूबलाइटखाली लखलखत होता. टपरीवाला बघतच राहिला.

"अरे वा! या वेळी जमलं की!"

पोरगा गालाकडे पाठ करून गन धूत होता. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"ओला आहे अजून," तो म्हणाला. "ओला असताना सगळाच रंग चमकते. चार दिवसांनी ये."

मग हात पुसून त्याने खडू घेतला आणि भिंतीवर तारीख लिहिली.

पाचव्या दिवशी काकाजी आले. गाल बसवला. स्कूटर पाटीसमोर उभी करून ते वाकले आणि डाव्या गालात पाटी वाचली, खालच्या फोन नंबरपर्यंत. पैसे दिले. मग जुन्या सवयीने स्कूटर एका बाजूला कलती केली, सरळ केली, किक मारली आणि सेक्टर सहाकडे निघून गेले.